आधी झाडं, मग गाव

पहिले तीन आठवडे मला हे गाव दिसलंच नाही.

२०११ चा जानेवारी. हीथ्रोवरून टॅक्सीने मिल्टन कीन्सला पोचलो तेव्हा दुपारचे चारच वाजले होते, पण दिवेलागणीची वेळ झाल्यासारखं वाटत होतं. रुंद रस्ता, दोन्ही कडांना पानं झडलेल्या झाडांची भिंत, एक राउंडअबाउट, पुन्हा तसाच रस्ता, पुन्हा तशीच झाडं. नवरा म्हणत होता, "आलंच आता." मी काचेला नाक लावून गाव शोधत होते. घर नाही, दुकान नाही, पायी चालणारं माणूस नाही. मग टॅक्सी एका वळणावर आत शिरली आणि झाडांच्या त्या भिंतीमागे एकदम विटांची घरं, खिडक्यांतले दिवे, कुणाच्या दारात मुलांची सायकल. एवढं सगळं शंभर पावलांवर होतं आणि रस्त्यावरून त्याचा पत्ता लागत नव्हता.

मी वर्ध्याची. आमच्याकडे गाव लांबून दिसतं. आधी पाण्याची टाकी, मग देवळाचा कळस, मग रस्त्याला लागून पानठेले, सायकलची दुकानं, हॉटेलं. रस्ता म्हणजेच गाव. इथे रस्ता आणि गाव यांच्यामध्ये झाडं उभी केलेली. मला ते सुरुवातीला अजिबात आवडलं नाही. बाहेर पडलं की सगळे कोपरे सारखेच दिसायचे आणि घरी परत येताना पोटात गोळा यायचा.

हळूहळू कळलं की हे मुद्दाम केलेलं आहे. लंडनच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर, बकिंगहॅमशायरमधल्या शेतांवर आणि जुन्या खेड्यांभोवती, २३ जानेवारी १९६७ रोजी सरकारने एक नवं शहर जाहीर केलं. जवळजवळ २२,००० एकर जमीन, अडीच लाख माणसांसाठी. मिल्टन कीन्स हे नाव त्यातल्याच एका छोट्या खेड्याचं. शहर उभारणाऱ्या विकास महामंडळाचे अध्यक्ष लॉर्ड कॅम्बेल यांच्या मनात झाडांचं शहर होतं. सर्वांत उंच झाडाच्या वर इमारत जाऊ नये, असं तेव्हा म्हटलं जायचं. मध्यवर्ती भागात आता ते पाळलं जात नाही, उंच इमारती आल्यात, आणि त्या पाहिल्या की मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. पण पाया त्याच विचाराचा आहे. साधारण एकेक किलोमीटरवर मुख्य रस्त्यांची जाळी. आडव्या रस्त्यांच्या आधी एच, उभ्यांच्या आधी व्ही. जाळीच्या चौकटीत वस्त्या. आणि प्रत्येक मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना मातीचे उंचवटे आणि त्यांवर झाडांचे जाड पट्टे, म्हणजे गाड्यांचा आवाज आणि धूर घरापर्यंत येऊ नये. कितीतरी ठिकाणी घरं बांधायच्या आधी झाडं लावली. आजवर दोन कोटींहून जास्त झाडं-झुडपं लावली गेली असं इथे सांगतात.

आधी झाडं, मग माणसं. जी माणसं अजून आलीच नव्हती, कुठून येणार तेही ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी सावली तयार ठेवली होती. त्या न आलेल्यांत मी होते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी फर्झटनच्या तळ्याकाठी पोटातल्या बाळासकट एका बाकावर बसले होते, आणि तो बाक मला एकाएकी माझा वाटला.

या गावात चालायचं असेल तर रेडवे शोधायचे. लालसर डांबराच्या या वाटा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी आहेत. मुख्य रस्ता आला की त्या त्याच्याखालून बोगद्यातून जातात, त्यामुळे गाडीशी गाठ क्वचितच पडते. सगळ्या मिळून ३०० किलोमीटरच्या वर भरतील. लेकीचा जन्म २०१२ चा. तिला बाबागाडीत घालून मी रोज निघायची. रेडवेवरून नदीकाठच्या लांबट बागांत उतरायचं, तिथून तळं, तळ्यावरून दुसरी बाग. इथल्या बागा आपल्याकडच्या बागांसारख्या कुंपण घातलेल्या आणि संध्याकाळी सातला फाटक बंद होणाऱ्या नाहीत. ओढा जिथून वाहतो तिथून बागही त्याच्याबरोबर वाहते. उत्तरेला ग्रेट ऊझ, पूर्वेला ऊझल, पश्चिमेला लॉटन ब्रुक नावाचा ओढा. या तिन्हींच्या काठाने जमीन मोकळी सोडली आहे, कारण पूर तिथेच येणार. नदीच्या जागेत घर बांधायचं नाही आणि त्या जागेत माणसांनी फिरायचं, इतका साधा हिशोब आहे हा.

तळ्यांचंही तसंच. विलन, कॅल्डेकॉट, फर्झटन ही तळी आधी नव्हतीच, ती खणली आहेत. इथली जमीन चिकणमातीची, पाणी भरभर मुरत नाही. त्यावर छपरं आणि डांबर आलं की पावसाचं पाणी थेट नदीकडे धावणार आणि खालच्या अंगाला, जिथे ऊझल नदी ऊझला मिळते त्या न्यूपोर्ट पॅग्नेलला, लोकांच्या घरांत शिरणार. म्हणून वाटेत तळी. पाऊस जोराचा झाला की ती फुगतात, पाणी पोटात धरतात आणि मग हळूहळू सोडतात. फेब्रुवारीत कधी विलनला गेले की काठची वाट पाण्याखाली असते, बाक गुडघाभर पाण्यात उभा असतो आणि त्याच्यामधून हंस पोहत जातात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, काहीतरी बिघडलंय. मग कळलं की तळं त्याचं काम करतंय. नौका, बदकं, आइसक्रीमची गाडी हे सगळं त्या कामाच्या वर आलेलं आहे.

विलनच्या तळ्याचे दोन भाग आहेत. दक्षिणेकडच्या भागात होड्या, पाण्यावरचे खेळ, उन्हाळ्यात मुलांचा कल्ला. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे न्यावं लागतं. मला मात्र उत्तरेकडचा भाग आवडतो. मध्ये एक बेट आहे, पक्ष्यांसाठी राखलेलं. काठावर पक्षी बघायला लाकडी आडोसा आहे. तिथे बसलं की पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले दिसतात, अगदी आमच्याकडच्या तलावांवर बसतात तसेच. वसंतात तुरेवाल्या पाणडुबीची जोडी समोरासमोर येऊन माना हलवते, तो नाच पाहायला मी दरवर्षी जाते. जवळच टेकाडावर विलनचं छोटं चर्च आहे, १६८० सालचं. ते बांधलं रॉबर्ट हूक यांनी. शाळेत स्प्रिंगच्या ताणाचा नियम पाठ केला होता, तेच हूक. त्यांच्या हातची इमारत घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, असं आठवीतल्या मला कुणी सांगितलं असतं तर मी तो नियम जरा प्रेमाने पाठ केला असता.

आणि त्याच काठावर तो पांढरा पगोडा आहे. त्याच्याबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर हा लेख सुरू केला.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आई-बाबा आले. विदर्भातला उन्हाळा चुकवून सप्टेंबरपर्यंत राहायचं असं ठरलं होतं. बाबा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर खादी घातलेले, सेवाग्रामला दर महिन्याला एक फेरी असणारे. इथे आल्यावर पहिले दोन दिवस ते फारसं बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना विलनला घेऊन गेले. चेरीला बहर आला होता. पगोड्याभोवतीच्या उतारावर एक हजार चेरी आणि देवदाराची झाडं आहेत, जपानमधल्या योशिनो गावाने दिलेली, सगळ्या युद्धांत मेलेल्या सगळ्या माणसांच्या आठवणीसाठी. कोण जिंकलं, कोण हरलं हा भेद न करता. आई फुलांखाली उभी राहून मान वर करून बघत होती. बाबा पुढे चालत होते.

तेवढ्यात ढोलाचा आवाज आला. हातपंख्यासारखी मूठ असलेला चपटा ढोल असतो तो, एका काठीने वाजवतात. एक भिक्खू पगोड्याभोवती चालत होते आणि ठेक्यावर म्हणत होते, "ना मू म्यो हो रेन गे क्यो."

बाबा जागेवर थांबले. मला वाटलं दम लागला. मी हात धरायला पुढे झाले तर ते पुटपुटत होते, "नम्यो हो रेंगे क्यो, नम्यो हो रेंगे क्यो." डोळे मिटलेले.

ज्यांनी सेवाग्रामची प्रार्थना ऐकली आहे त्यांना हे सांगायला नको. आश्रमाच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवातच या ओळीने होते, मग 'ईशावास्यम्'. शाळेच्या सहलीत आम्ही पोरं बापूकुटीसमोरच्या अंगणात मांडी घालून बसायचो आणि ही ओळ मोठ्याने म्हणायचो. अर्थ कुणाला विचारावा असंही कधी वाटलं नाही. कडुनिंबाची पानं अंगावर पडायची, चटईखालचे खडे टोचायचे आणि आम्ही 'रेंगे क्यो' म्हणायचो. हिंदीतला 'क्यों' आहे असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आणि ती ओळ इथे, तळ्यावरून येणाऱ्या गार वाऱ्यात, जपानी उच्चारांत.

बाकावर बसून मग बाबांनी सांगितलं. निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्खू, आपल्याकडे फुजी गुरुजी म्हणतात ते, १९३० च्या दशकात वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. ओळीचा अर्थ, सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. त्यांच्या परंपरेतला एक भिक्खू पुढे सेवाग्रामला राहिला. आश्रमाची सगळी कामं करायचा आणि सकाळ-संध्याकाळ ढोल वाजवत हा मंत्र म्हणत हिंडायचा. महायुद्धात जपान उतरला तेव्हा शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून इंग्रज सरकारने त्याला आश्रमातून पकडून नेलं. गांधीजींनी मंत्र तसाच ठेवला, प्रार्थनेच्या अगदी सुरुवातीला. माणूस नेला, ओळ राहिली.

अणुबाँबनंतर फुजी गुरुजींनी जगभर शांतीचे स्तूप बांधायला घेतले. विलनचा हा पगोडा १९८० मध्ये पुरा झाला, पाश्चात्त्य देशांतला पहिला. तेव्हा गुरुजी ९५ वर्षांचे होते. म्हणजे मी ज्या तळ्याकाठी सात वर्षं लेकीला फिरवत होते, त्या तळ्याचं आणि आमच्या वर्ध्याचं नातं माझ्या जन्माच्या आधीचं निघालं. मी रोज त्याच्या बाजूने जात होते आणि मला ठाऊक नव्हतं. ढोल याआधी कधी कानावर पडला नव्हता, की पडूनही ओळखला नव्हता, याचा विचार मी पुष्कळ केला. बहुतेक ओळखला नव्हता. बाबागाडी ढकलताना डोक्यात नेहमी दुसरंच काहीतरी असतं.

फेरी संपल्यावर भिक्खू आमच्याकडे वळले. बाबांनी हात जोडले, त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. बाबा मराठीत म्हणाले, "आम्ही सेवाग्रामचे." मी भाषांतर करायच्या आतच भिक्खूंचा चेहरा उजळला. 'सेवाग्राम' हा शब्द पुरेसा होता.

त्यानंतर बाबा रोज एकटे विलनला जायला लागले. गाव त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं.

आईला गाव वेगळ्या बाजूने समजलं. जूनमध्ये रेडवेच्या कडेला, नुकतीच माती उकरलेल्या जागी, तिला चाकवत दिसला. "अगं, ही तर आपली भाजी!" इथले लोक तो तण म्हणून उपटून टाकतात. मी आधी पुस्तकात फोटो पडताळून पाहिला, मग कुत्र्यांच्या वाटेपासून लांबचा, स्वच्छ जागेतला कोवळा पाला तिने खुडला आणि त्या संध्याकाळी ताकातली भाजी झाली. ऑगस्टच्या शेवटी कुंपणांवरच्या काटेरी वेलींना ब्लॅकबेरी लगडल्या तेव्हा ती लेकीबरोबर डबा घेऊन निघायची आणि दोघी जांभळी बोटं करून यायच्या. करवंदांची आठवण तिला येणारच होती. पण ती म्हणाली, "करवंदाला चीक असतो, याला नाही, पोरांना हेच बरं."

बाबांना जंगल बघायचं होतं, म्हणून लिनफर्ड वूडला नेलं. हे लावलेलं जंगल नव्हे. शहर ठरलं त्याच्या कितीतरी शतकं आधीपासूनचं आहे, आणि रस्त्यांची जाळी आखताना ते तसंच चौकटीत राखलं. हाऊ पार्क वूड आणि शेन्ली वूड हीदेखील तशीच. एप्रिलच्या शेवटी ओक आणि ॲशला पालवी फुटण्याआधी जमिनीवर निळ्या घंटीच्या फुलांचा सडा पडतो. ब्लूबेलचा निळा हा फुलांचा रंग वाटत नाही, जमिनीतून धुकं उठल्यासारखा वाटतो. पावलं वाटेवरच ठेवायची, कारण तुडवलेला ब्लूबेल सावरायला वर्षं लागतात.

तिथेच बाबांना भेकर दिसलं. कुत्र्यासारखं भुंकलं आणि झुडपात शिरलं. ते चक्रावलेच, कारण वर्ध्याजवळच्या बोर अभयारण्यात ते हा आवाज ओळखायला शिकले होते. हे भेकर चीनमधलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून जवळच असलेल्या वोबर्नच्या जमीनदाराने पाळायला आणलं, त्यातली काही सुटली, काही सोडली, आणि आता दक्षिण इंग्लंडभर पसरली आहेत. दिसायला गोड, पण ब्लूबेल आणि कोवळे कोंब खाऊन जंगलाची तळजमीन साफ करतात. जंगल राखणारे त्यांच्यावर खूश नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात आणि भेकर दिसलं की तरीही आनंद होतो.

याच जंगलाने १९ जुलै २०२२ ला आम्हाला आसरा दिला. त्या दिवशी इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा ४० अंशांच्या वर गेला. वर्ध्याला मे महिन्यात ४५-४६ पाहिलेल्या मला आकडा मोठा वाटला नाही, पण ही घरं थंडी आत कोंडायला बांधलेली नसतात, ऊब कोंडायला बांधलेली असतात. पंखा नाही, जाड गालिचे, बंद खिडक्या. दुपारी लेकीला घेऊन लिनफर्ड वूडमध्ये चटई टाकली. कॅम्बेल पार्कचं गवत त्या उन्हाळ्यात बाभुळबनासारखं पिवळं पडलं होतं, पण झाडांखाली माती ओली होती. आमच्यासारखी पंधरा-वीस कुटुंबं तिथे होती. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आता पैशाची गोष्ट, कारण बाबांना सगळ्यात जास्त तीच आवडली. "याचा खर्च कोण करतं? नगरपालिका?" त्यांनी विचारलं होतं. मुख्य बागांचा खर्च पालिका करत नाही. शहर उभारणारं महामंडळ १९९२ मध्ये बंद होणार होतं. तेव्हा प्रश्न आला की या बागांचं काय. पालिकेकडे दिल्या तर ज्या वर्षी तिजोरीत खडखडाट असेल त्या वर्षी कात्री आधी झाडांना लागणार, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून द पार्क्स ट्रस्ट नावाची स्वतंत्र विश्वस्त संस्था काढली, तिला बागा ९९९ वर्षांच्या कराराने दिल्या आणि बरोबर सुमारे २ कोटी पौंडांची पुंजी दिली, बहुतेक दुकानं आणि कचेऱ्या अशा मालमत्तेच्या रूपात. त्यांचं भाडं येतं, त्यावर गवत कापलं जातं, झाडं राखली जातात, बाक दुरुस्त होतात. आज ही संस्था ६,००० एकरांहून जास्त जागा सांभाळते.

"९९९? मग हजार काहून नाही?" बाबा म्हणाले. इथे करार करण्याची तशी रीत आहे, एवढंच मी सांगू शकले. त्यांनी ते ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बागेला शेती लावून दिली." आपल्याकडे जुन्या देवस्थानांना दिवाबत्तीसाठी जमीन इनाम असायची. बाबांनी त्या चार शब्दांत ट्रस्टची घटना सांगितली. झाडाला प्रेम लागतं हे सगळेच म्हणतात. झाडाला उत्पन्न लागतं, आणि ते अशा ठिकाणी ठेवावं लागतं की जिथे दुसऱ्या कुणाचा हात पोचणार नाही. हे ज्यांना १९९२ मध्ये सुचलं त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

तुम्ही कधी इकडे आलात तर न्यूलँड्समधलं ट्री कॅथीड्रल चुकवू नका. १९८६ मध्ये नील हिग्सन यांनी आखलेलं, नॉरिचच्या कॅथीड्रलच्या नकाशावर लावलेलं झाडांचं चर्च. खांबांच्या जागी उंच लिंडन आणि हॉर्नबीम, मनोऱ्याच्या जागी सदाहरित झाडं, लहान देवघरांच्या जागी चेरी आणि सफरचंद. रंगीत काचांतून फरशीवर उजेड पडतो त्या जागी वसंतात कंदांची फुलं येतात. नोव्हेंबरच्या धुक्यात जा, माणसं नसतात. कॅम्बेल पार्क मध्यवर्ती बाजारपेठेला लागूनच आहे, तिथे मेंढ्या चरतात आणि त्याच गवतापलीकडे क्रिकेट चालतं. वुल्व्हर्टनच्या पुढे गेलं तर १८११ चा लोखंडी जलसेतू आहे. खाली ऊझ नदी आणि वरून, लोखंडी पन्हाळीतून, कालवा. त्यावरून बोट जाताना पाहणं हा मोठा आनंद आहे. बँक्रॉफ्टच्या सिमेंटच्या गायींबद्दल सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही.

२०२० च्या ऑगस्टमध्ये बाबांचा फोन आला. आवाज बसलेला. वर्धा ते सेवाग्राम रस्ता रुंद करायला घेतला होता आणि कडेची जुनी, डेरेदार झाडं पडत होती. त्यांतली काही आश्रमाच्या काळातली. करोनाचे दिवस, पण लोक मास्क लावून झाडांपाशी जमले, बाबाही गेले. पुढे तोड थांबली, पण जी गेली ती गेली. त्या रस्त्याने मी शाळेच्या सहलीला गेले होते, लग्नानंतर नवऱ्याला बापूकुटी दाखवायला स्कूटरवर गेले होते. एप्रिलच्या दुपारीही तो रस्ता गार असायचा. फोनवर बाबा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सावली होती रे, सावली होती." ते मला कधी 'रे' म्हणत नाहीत.

म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये आमच्या घरामागच्या पट्ट्यातल्या झाडांच्या बुंध्यांवर नारिंगी रंगाचे ठिपके दिसले तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. मी मोजले. सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी करवतीचा आवाज आला तशी मी चपला न बदलता धावत गेले. डोक्यावर शिरस्त्राण घातलेला एक माणूस थांबला आणि माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने मला आत नेलं, झाडांच्या मध्ये. ही झाडं दाट लावली होती, म्हणाला, एकमेकांच्या आधाराने सरळ वर चढावीत म्हणून. लवकर वाढणारे पॉपलर आणि आल्डर पुढे, हळू वाढणारे ओक त्यांच्या आडोशाला. आडोशाचं काम आता झालंय. वर बघा. मी वर बघितलं. ओकच्या फांद्या एका बाजूला वाकून उजेड शोधत होत्या. काही ॲश रोगाने वाळले होते, त्यांचे शेंडे बोडके होते. ते वाटेवर पडायच्या आत काढावे लागणार होते.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मला नीट समजावता येत नव्हतं, घसा दाटत होता. बाबांनी मध्येच थांबवलं.

"अगं, विरळणी आहे ती. पऱ्हाटीची करतो ना आपण. दोन रोपं ठेवतो, बाकी काढतो. रस्त्यासाठी तोडणं वेगळं आणि विरळणी वेगळी." मग जरा थांबून, "उजेड आला की फोटो पाठव."

एप्रिलमध्ये पाठवला. पट्ट्यात उजेड आला होता. तोडलेल्या झाडांच्या ओंडक्यांची एक रास किड्यांसाठी तिथेच ठेवली होती, आणि जिथे बारा वर्षं नुसता पालापाचोळा पाहिला होता तिथे प्रिमरोझची फिकट पिवळी फुलं आली होती. लेक एका ओकला मिठी मारून उभी होती. फोटोत तिची बोटं खोडाच्या मागे जेमतेम जुळलेली दिसतात. बाबांचं उत्तर आलं: "घेर किती भरला, दोरीने मोजून लिहून ठेव. तारीख टाक."

९८ सेंटिमीटर, १४ एप्रिल २०२४.